एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह

हॉलच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली आहे, हे मला माझ्या कपाळाने सांगितलं. सोमवारची सकाळ होती. शनिवारी संध्याकाळी मी त्याच वाटेने घरी गेलो होतो आणि वाट मोकळी होती. रविवारी सुतार येऊन गेले. राज्याचे दोन तुकडे झाले होते; भिंतीच्या अलीकडचा अर्धा हॉल नव्या राज्याचा, पलीकडचा उरलेल्या राज्याचा. ऑफिसात सगळ्यांना हे आठवडाभर आधीपासून ठाऊक होतं, कोणाचं टेबल कुठल्या बाजूला यावरून भांडणंही झाली होती. मला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कपाळावर टेंगूळ आल्यावर मात्र चारजण पाण्याचे ग्लास घेऊन धावले. "अरे भाई, देख के चलो ना," एकजण म्हणाला, आणि आपण कोणाला काय बोललो हे लक्षात आल्यावर गप्प झाला.

मी जन्मापासून आंधळा आहे. त्यासाठी आता बरेच गोड गोड शब्द निघालेत, पण मला हा जुना शब्द चालतो. शब्दांचा मला राग नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि तो इतकी वर्षं झाली तरी उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं घर मूळचं नांदेडकडचं. वडील रेल्वेत लागले आणि काचीगुड्यात आले, तिथेच मी वाढलो. घरात मराठी, गल्लीत दखनी उर्दू, भाजीवाल्याशी तेलुगू, असं आमचं सगळं सरमिसळ. आम्ही बौद्ध. लहानपणी विहारात गेलो की कोणी ना कोणी वडिलांना सल्ला द्यायचं, पोराला पेटी शिकवा, आंधळी माणसं पेटी फार छान वाजवतात. वडील फटकळ होते. "त्याला आवडली तर शिकेल. तुम्हाला दया आली म्हणून नाही शिकणार," असं ते तोंडावर सांगायचे. मला पेटी आवडली नाही. सूर लागायचा, पण कंटाळा यायचा.

नोकरी लागली ती टेलिफोन बोर्डावर. सरकारी गोदामांत कुठे किती धान्य आलं, कुठे किती गेलं, याची नोंद ठेवणारं आमचं ऑफिस, मलकपेठेत. आंधळा माणूस म्हटला की बोर्ड, हे त्या काळी ठरलेलंच होतं. कानाला हेडफोन लावायचा, "गुड मॉर्निंग" म्हणायचं, समोरच्याला हवा तो माणूस जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. लोकांची बोलणी माझ्यातून जायची, माझ्याशी कोणी बोलायचं नाही. दिवसभर बोलूनही दिवसभर मुकं राहायचं, असं ते काम. मी ते बरीच वर्षं केलं, चोख केलं, आणि मला ते मनापासून आवडलं नाही.

मग ऑफिसात मोठे कॉम्प्युटर आले. त्यांच्यावर चित्रबित्र काही नसायचं, नुसती अक्षरं. तुम्ही कीबोर्डवर एक हुकूम टाइप करायचा, मशीन ओळीने उत्तर देणार. हुकूम घेऊन मशीनला समजावणारा जो मधला दुभाषा असतो त्याला शेल म्हणतात. डोळसांना त्याचा फार कंटाळा. काळा पडदा, त्यावर बारीक अक्षरं, माऊस चालत नाही. मला कसला काळा आणि कसला पडदा! माझ्याकडे पडद्यावरची ओळ वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, तो इंग्रजी उच्चारात घडाघडा बोलायचा. ज्या जगात सगळं अक्षरांनीच चालतं, तिथे मी आणि डोळस माणूस एकाच पायरीवर उभे होतो. किंबहुना मी एक पायरी वर होतो, कारण मला कंटाळा येत नव्हता. हळूहळू गोदामांच्या नोंदींचं सगळं काम माझ्या कन्सोलवर आलं. कन्सोल म्हणजे मुख्य मशीनचा कीबोर्ड, जिथून सगळं हलतं.

शेलची एक गंमत अशी की तुम्ही त्याला आपले शब्द शिकवू शकता. मी त्याला दखनी शिकवलं. "नक्को" टाइप केलं की चालू असलेलं काम थांबायचं. मशीन मध्येच थांबून "पुढे जाऊ का?" असं विचारत बसलं तर "हौ" टाइप करायचं. आणि काही बिघडलं की "कायकू" टाइप करायचं, मग मशीन शेवटची चूक नेमकी कुठे झाली तेवढंच वाचून दाखवायचं. हे मी माझ्यापुरतं केलं होतं, पण डोळसांनाही ते आवडलं. थोड्याच दिवसांत अख्ख्या विभागात "कायकू मार के देखो" असं म्हणायला लागले. वरंगलकडचे, गुंटूरकडचे, कर्नूलचे, सगळे कायकू मारायचे. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

मग राज्य फुटलं. फुटलं म्हणजे कागदावर एका दिवसात, पण ऑफिसं फुटायला वर्षं गेली. कोण इकडे, कोण तिकडे, याच्या याद्या निघायच्या, रद्द व्हायच्या, पुन्हा निघायच्या. मी मराठी माणूस, मला कोणत्याच बाजूचा म्हणून कोणी धरत नव्हतं. चहाच्या टपरीवर घोषणा चालू असल्या की मी चहा पिऊन निघून यायचो. शाळा इथली, जन्म इथला, म्हणून मला नव्या राज्यात ठेवलं. ते ठीकच झालं. दुसऱ्या गावात जाऊन नव्याने रस्ते शिकायचं माझं वय राहिलं नव्हतं.

भिंत झाल्यावर महिन्याभरात नवी मशीनं आली. आमच्या बाजूला एक, पलीकडे एक. "नया राज्य, नया सिस्टम," आमचे साहेब म्हणाले. साहेब नुकतेच बढती घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता, हे मला सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. साहेब खांद्यावर हात ठेवून बोलायचे. माझा हात धरून मला जिना उतरवायचे, मी गेली कित्येक वर्षं तो जिना एकटा उतरतोय हे माहीत असूनसुद्धा.

नव्या मशीनवर शेलही नवा होता, तोच शेल पण पुढची आवृत्ती. तो बसवायला एक तरुण इंजिनियर मॅडम होत्या, कडप्प्याच्या. मला अन्ना म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसलो, लॉगिन केलं, एंटर मारला, आणि कानात आवाज आला: "एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह, दोन हजार चार, एच."

मला वाटलं काहीतरी चुकीचं टाइप झालं. पुन्हा एंटर मारला. एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह, दोन हजार चार, एच. प्रत्येक हुकुमाच्या आधी तेच, उत्तर येऊन गेलं की शेवटी पुन्हा तेच, फक्त एचऐवजी एल. मी मॅडमना बोलावलं. त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अन्ना, स्क्रीन तो एकदम साफ है."

त्यांचंही खरं होतं. नंतर त्यांनीच शोधून काढलं की नवा शेल प्रत्येक वेळी पडद्याला काही छुप्या खुणा पाठवतो, कोणी बाहेरून मजकूर चिकटवला तर तो नीट घेता यावा म्हणून. पडदा त्या खुणा गिळून टाकतो, डोळसाला काहीच दिसत नाही. माझा वाचणारा प्रोग्राम मात्र प्रामाणिक, समोर येईल ते सगळं वाचणार. म्हणजे ही सुधारणा ज्यांच्यासाठी होती त्यांना ती दिसतही नव्हती, आणि ज्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता त्याच्या कानात ती दिवसभर ओरडत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी रेटलं असतं. पण नव्या शेलने अक्षरांचा क्रम लावायची पद्धतही बदलली होती. आधी सगळी मोठी अक्षरं पहिली आणि लहान अक्षरं नंतर, असा त्याचा जुना नियम. आमच्या गोदामांचे कोड त्याच नियमावर बसवलेले, मोठ्या गोदामांना मोठं अक्षर, छोट्यांना छोटं. नव्या शेलने सगळी एकत्र कालवून शब्दकोशासारखी लावली. माझ्या डोक्यातला पाढाच मोडला. शिवाय चूक सांगणारा संदेश आधी ज्या ठिकाणी कारण सांगायचा तिथे आता भलतंच काही सांगायला लागला, त्यामुळे कायकू मारलं की कारणाऐवजी त्याच्या आजूबाजूचा कचरा कानावर यायचा.

मी त्या आवृत्तीबरोबर आलेलं बदलांचं पत्रक ऐकायला बसलो. लांबलचक पत्रक. मागच्या आवृत्तीशी काय जुळणार नाही याचा त्यात वेगळा भाग होता. सुरुवातीलाच धीर दिलेला, की बहुतेक लोकांना फरक जाणवणार नाही. त्या "बहुतेक"वर मी प्रोग्राम थांबवला आणि पुन्हा तीच ओळ वाचायला लावली. आयुष्यभर मी त्या बहुतेकांच्या बाहेर उभा आहे. जिन्याला कठडा नसला तरी बहुतेकांना फरक पडत नाही. बसस्टॉप वीस पावलं पुढे सरकवला तरी बहुतेकांना फरक पडत नाही. लिहिणाऱ्याने काही वाईट हेतूने लिहिलं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण मला इतका संताप आला की मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि शेजारच्या टायपिस्टने विचारलं, काय झालं, घरी कोणाला काही झालं का.

त्याच पत्रकाच्या शेवटी उपायही होता. ज्याला नवे बदल नको असतील त्याने सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची. ती ओळ म्हणजे शेलला सांगणं, की बाबा, तू जुन्यासारखं वाग. क्रम जुना, संदेश जुने, छुप्या खुणा बंद. मशीन नवं, शेल नवा, कोणाचं काही बिघडत नाही. एक ओळ, फक्त माझ्या लॉगिनपुरती.

मॅडमना मी ते सांगितलं तर त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं. "अन्ना, मैं खुद डाल देती, दो मिनिट का काम है. मगर सार की परमिशन लगती." सेटिंगला हात लावायला साहेबांची सही लागायची.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी मला बसवलं, चहा मागवला, मॅडमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देखो, एक को छूट दिये तो कल सब मांगेंगे. सिस्टम एक जैसा होना. और आप तो इतने होशियार हैं, आदत हो जाएगी."

"साहेब, ही सूट नाही," मी म्हणालो. हिंदीतच म्हणालो, पण मनात मराठीत म्हणत होतो म्हणून मराठीत लिहितोय. "ही सेटिंग शेल बनवणाऱ्यांनीच दिलीय. जुनं मोडतंय हे त्यांना माहीत होतं म्हणून दिलीय."

"हौ हौ, समझा मैं. मगर स्पेशल कन्सेशन ऑडिट में आता. आपकी वैसे ही दो-दो..." आणि ते थांबले.

माझ्या दोन-दोन काय, ते त्यांनी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरजही नव्हती. जातीची एक आणि डोळ्यांची एक. हे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आलोय, कधी मागून, कधी हसत हसत तोंडावर. तुम्हारा तो डबल है भाई. बोर्डावर वर्षानुवर्षं एकही फोन चुकीचा जोडला नाही, ते कोणी मोजलं नाही. अख्खा विभाग माझे शब्द वापरून काम करत होता, तेही नाही. माझ्या सवलती मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. मी चहा तसाच ठेवून उठलो. साहेबांनी दारापर्यंत माझा हात धरून सोडलं, आणि मला तो हात झटकता आला नाही, याचाही मला राग आला.

त्यानंतर दोन्ही राज्यांची मिळून एक समिती आली. कोणतं पद कुठे, कोणता माणूस कोणत्या कामाला, हे ठरवायला. प्रत्येकाने आपलं काम नव्या मशीनवर करून दाखवायचं होतं. माझी वेळ दुपारी आली. चारपाच माणसं माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. एकाच्या तोंडात पान होतं, वास येत होता. मला एका गोदामाची नोंद काढायची, त्यातली मुद्दाम घातलेली चूक शोधायची आणि दुरुस्त करायची होती. जुन्या शेलवर हे काम मी चहा पिता पिता केलं असतं.

मी हेडफोन लावला. एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह. मी हुकूम दिला. यादी आली, भलत्या क्रमाने आली, माझं गोदाम कुठे असेल हे मला अंदाजाने धरता येईना, सगळी यादी वरपासून ऐकावी लागली. एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह. कायकू. कचरा. पुन्हा कायकू. मागे कोणीतरी हलक्या आवाजात तेलुगूत म्हणालं, पापम्. पापम् म्हणजे बिचारा. तो शब्द कानात गेला आणि माझी बोटं अडकली. हुकूम चुकला, पुन्हा टाइप करावा लागला. चूक मला सापडत आली होती. आणखी थोडा वेळ दिला असता तर सापडली असती, याची मला खात्री आहे, पण साहेब पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस बस. कायकू इतनी तकलीफ?"

माझाच शब्द होता तो.

आदेश निघाला. पगार तोच, दर्जा तोच, काम टेलिफोन बोर्डाचं. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, अगदी आनंदाची बातमी द्यावी तसं. एसीजवळची जागा दिली आहे, म्हणाले. नवी खुर्ची दिली आहे. माझ्या कन्सोलवर दुसऱ्या विभागातला एक माणूस आला, तो मला भेटायला आला आणि ओशाळून म्हणाला, "सर, मेरे को कुछ नै आता, आप को पूछता रहूंगा." मी त्याच्यावर तरी कशाला रागवायचं?

ज्या बोर्डावरून मी सुटलो होतो त्याच बोर्डावर परत बसलो. गुड मॉर्निंग. होल्ड कीजिए. जोड रहा हूं. हे मी घरी सांगितलं नाही. बायको आमच्याकडच्या एका मराठी शाळेत शिकवते. शाळेत पोरं कमी कमी होत चाललीत, आहेत त्यांना मराठी धड वाचता येत नाही, ती त्यांच्याशी दिवसभर झगडून घरी येते आणि तरी शेजारणीला सांगते, आमच्या ह्यांच्या एका बोटावर सगळी गोदामं चालतात. तिच्यासमोर "मला परत बोर्डावर बसवलं" हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. निघायची वेळ तीच, यायची वेळ तीच, पगार तोच. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि मग पावसाळ्याच्या शेवटी शेलने साहेबांनाच दणका दिला. सचिवालयात दर सोमवारी जो गोषवारा जायचा तो तोवर जुन्याच मशीनवर, जुन्या स्क्रिप्ट्समधून, म्हणजे लिहून ठेवलेल्या हुकुमांच्या याद्यांमधून, तयार व्हायचा. आता तो नव्या मशीनवर आणला, आणि त्या सगळ्या स्क्रिप्ट्स जुन्या क्रमावर बसवलेल्या. गोषवाऱ्यात छोटी गोदामं मोठ्यांत मिसळली, एका जिल्ह्याचं धान्य दुसऱ्या जिल्ह्यात दिसायला लागलं. वरून फोन आला. तो फोन मीच जोडून दिला. सचिवालयाच्या माणसाचा आवाज इतका चढलेला होता की मी लाइन सोडेपर्यंत हेडफोनमधून बाहेर ऐकू जात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनियर मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, "अन्ना, वो लाइन डाल दी मैं. सार ने आज सही किये." मी म्हणालो, माझ्या लॉगिनला? "नै अन्ना. पूरे सिस्टम को. सबके लिए."

सगळ्यांसाठी! तीच ओळ! बाहेर नोटिस बोर्डावर परिपत्रक लागलं होतं, ते मॅडमनी मला वाचून दाखवलं. कामाच्या अखंडतेसाठी आणि जुन्या पद्धतीशी सुसंगतता राखण्यासाठी अशी सेटिंग करण्यात येत आहे. त्यात कन्सेशन शब्द नव्हता. स्पेशल शब्द नव्हता. ऑडिटला काही अडचण नव्हती. मी मागितली तेव्हा ती भीक होती, त्यांना लागली तेव्हा ती व्यवस्था झाली. मी इतकी वर्षं हे शोधत होतो, की लोक ज्याला सवलत म्हणतात ती नेमकी काय असते, आणि ते मला त्या परिपत्रकाने सांगितलं. ती त्यांनाही लागतेच, फक्त त्यांना ती मागावी लागत नाही.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, आता तर अडचण नाही, मला कन्सोलवर परत घ्या. साहेब हसले. "अरे, अब सब सेटल हो गया है. फिर से फाइल हिलाएंगे तो सबको तकलीफ. और बोर्ड पे आपका काम इतना अच्छा है, सब तारीफ करते." रागाने माझे कान गरम होतात, तसे झाले होते. मी परत येऊन बसलो. गुड मॉर्निंग. होल्ड कीजिए.

दसऱ्यानंतरची गोष्ट. सकाळी घाईत माझा मोबाइल घरीच राहिला. अकराच्या सुमाराला बोर्डावर फोन आला, मी ऑपरेटरच्या सुरात "गुड मॉर्निंग" म्हणालो, आणि पलीकडून आवाज आला, "नमस्ते. वो कन्सोल पे जोड देंगे क्या? उनका मोबाइल घर पे रह गया बोल के बताना था."

माझी बायको. परक्या माणसाशी बोलताना तिचा आवाज किती नरम होतो हे मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी ऐकलं नव्हतं. मागे शाळेतली पोरं ओरडत होती. मी कन्सोलचं बटण दाबलं असतं तर पलीकडे तो दुसरा माणूस उचलणार होता. लाइन व्यस्त आहे म्हटलं असतं तर ती ठेवून देणार होती. दोन्ही मला जमलं नाही.

"मीच बोलतोय," मी म्हणालो.

"तुम्ही बोर्डावर कायकू बसलात?"

"बसवलं."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" मग तिने विचारलं, का बसवलं, आणि मी जेवढं थोडक्यात सांगता येईल तेवढं सांगितलं. ती ओळ, समिती, परिपत्रक. दुसऱ्या लाइनी वाजत होत्या, मी त्यांना हात लावला नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "साहेबाला जोडा."

"अगं, असं नको..."

"तुम्ही ऑपरेटर आहात ना? मग जोडा."

मी जोडलं. बोर्डाचा नियम असा की दोन्ही बाजू बोलायला लागल्या की ऑपरेटरने लाइन सोडायची. तो नियम मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मी बटणावरचं बोट तसंच ठेवलं, लाइन सोडली नाही.

"मैं आपके कन्सोलवाले की बीवी बोल रई," ती म्हणाली. आता आवाज नरम नव्हता.

"अरे भाभीजी! बोलिए बोलिए." साहेब खरोखर खूश झाले होते.

"उनको बोर्ड पे कायकू बिठाए आप?"

"भाभीजी, आप बिल्कुल फिकर नक्को करो. हम उनका पूरा खयाल रखते. एसी के बाजू में बिठाए, कुछ टेन्शन नै, कुछ दौडधूप नै. वो वहां बहुत खुश हैं."

"मैं खुश नहीं हूं," मी म्हणालो.

मग साहेबांनी विचारलं, "कौन? कौन बोल रहा बीच में?"

उन्हाळ्यापासून रोज सकाळी त्यांच्या फोनवर गुड मॉर्निंग म्हणणारा मीच होतो. दिवसाला कितीतरी फोन मी त्यांना जोडून देत होतो. त्यांना माझा आवाज ओळखू आला नाही. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुन्हा म्हणालो, की मी इथे खूश नाही आणि मला माझं काम परत हवं आहे.